समजून घ्या : जायकवाडीच्या बेटांवर उन्हाळी पक्षीगणना का हवी?

घाणेवाडी तलावासोबत जालना शहराची तहान भागवणारा पैठणचा नाथसागर १९८६ पासून पक्षी अभयारण्यही आहे. जलाशयात सुमारे ३० लहान-मोठी बेटे आहेत.

हिवाळ्यात गणना केली की रोहित, पट्टकादंब हे पाहुणे मोजले जातात. नदी सुरय मात्र साधारण मार्च ते मे दरम्यान उघड्या वाळूवर अंडी घालतो. ही घरटी हिवाळी आकड्यांत येतच नाहीत.

धोकाही उन्हाळ्यातच. पाणी ओसरले की बेट काठाला जोडले जाते आणि कुत्री, गुरे घरट्यांपर्यंत पोहोचतात. ‘आययूसीएन’च्या यादीत नदी सुरय ‘असुरक्षित’ गटात आहे.

म्हणून पक्ष्यांसोबत पाणीपातळी आणि गाळपेरही नोंदवायला हवी. कोणते बेट कधी राखायचे, हे त्यावरूनच ठरवता येईल.