रेणूच्या बैठका

आमची खडकी म्हटली की लोकांना १८१७ ची लढाई आठवते, नाहीतर १८६९ चा दारूगोळा कारखाना. पण शेजारच्या पुणे विद्यापीठात प्रा. श्रीधर गद्रे यांच्या मंडळींनी पुण्याच्याच ‘परम’ महासंगणकावर रेणूंची गणिते मांडली, हे कोणाच्या गावीही नसते. रेणूचे गणित करून मिळते काय, असे तुम्ही विचाराल. म्हणून ग्लायसीनची हकीकत सांगतो.

ग्लायसीन हे सर्वांत साधे अमिनो आम्ल. अवघे दहा अणू. चवीला गोड. १८२० मध्ये ब्राकोनो या फ्रेंच रसायनज्ञाने ते जिलेटिनपासून मिळविले. अशी आम्ले गुंफूनच आपल्या शरीरातली प्रथिने बनतात. पण एवढ्याशा रेणूलाही निरनिराळ्या बैठका घेता येतात. अणूंची जोडणी तीच, वळण तेवढे वेगळे. मग त्याला सर्वांत सुखाची बैठक कोणती?

१९७८ साली सूक्ष्मतरंगांनी ग्लायसीनची वाफ तपासली, तेव्हा एक बैठक सापडली. गणित मात्र म्हणे, ही नव्हे, दुसरीच अधिक स्थिर! आता खरे कोणाचे? आम्हां खडकीकरांना याचे उत्तर बाजारात मिळते. ज्याचा आवाज मोठा, तो भाजीवाला आधी कानावर येतो. म्हणून त्याच्याकडेच माल अधिक, असे थोडेच असते? सापडलेल्या बैठकीत विद्युत्भारांची वाटणी फार विषम, म्हणून तिचा संकेत ठळक. १९८० मध्ये ती अबोल दुसरीही हाती लागली. गणित खरे ठरले.

पुढे अवरक्त किरणांनी साक्ष दिली. ग्लायसीनची वाफ आर्गॉनमध्ये मिसळून शून्याखाली सुमारे २६० अंशांवर गोठवितात. रेणू आहे त्या बैठकीत थिजतात. या रेणूची कंपने २४, आणि बैठक बदलली की त्यांचे सूरही किंचित बदलतात. यंत्राने टिपलेले सूर गणितातल्या सुरांशी ताडून १९९५ मध्ये तीन बैठका ओळखल्या गेल्या.

हा नुसता विद्वानांचा खेळ नव्हे. प्रथिनाचे काम त्याच्या वळणावर ठरते. कोणती वळणे शक्य, हे मद्रासला गो. ना. रामचंद्रन यांच्या मंडळींनी १९६३ मध्ये गणितानेच दाखविले. यंत्र आणि गणित यांचे पटेनासे झाले, तेव्हा दोघांपैकी कोणालाही न हाकलता शास्त्रज्ञ पुन्हा पाहावयास बसले. घरोघरच्या वादांतही एवढे जमले, तर दिवाळी अधिक गोड होईल, असे मला वाटते.