इसाराआधी वकील, आणि तोही आपला

तालुक्याच्या गावी दुय्यम निबंधकाच्या कचेरीसमोर एक दिवस उभे राहून पाहावे. कापूस विकून झालेला असतो, हातात चार पैसे आलेले असतात. पोरांच्या शाळेसाठी तालुक्याला प्लॉट किंवा दोन खोल्यांचे घर घ्यायचे असते. नाहीतर दवाखाना, लेकीचे लग्न, सावकाराचा तगादा यांपायी गावातले घर किंवा धुऱ्याकडचे दोन एकर विकायचे असतात. घेणारा आणि देणारा एकाच टेबलाशी येतात. दलाल सांगतो, "वकील आपल्याच ओळखीचा आहे, दोघांचे काम एकाच खर्चात होऊन जाईल." एक सही करतो, दुसरा अंगठा लावतो, चहा होतो. कागदात काय लिहिले आहे ते दोघांपैकी एकानेही वाचलेले नसते.

भावांनो, मायबहिणींनो, बैल घेताना आपण त्याचे दात पाहतो, खूर पाहतो, चालवून पाहतो. ज्वारीचे बियाणे मुठीत घेऊन पारखतो. आणि जन्माची कमाई ज्या कागदावर लावायची, तो कागद तपासणारा माणूस मात्र समोरच्याने आणलेला चालतो! आमचे म्हणणे साधे आहे. दोघांचा म्हणून जो वकील असतो तो खरे तर कोणाचाच नसतो. असलाच तर ज्याने गिऱ्हाईक आणून दिले त्या दलालाचा असतो.

पुष्कळांचा समज असा की सरकारी शिक्का बसला म्हणजे मालकी पक्की झाली. तसे नाही. नोंदणीचा कायदा १९०८ सालचा. त्यात दस्ताची नोंद होते, पण विकणारा खरा मालक आहे याची हमी सरकार देत नाही. एप्रिल २०२५ मध्ये तामिळनाडूच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितले की विकणाऱ्याची मालकी तपासणे हे नोंदणी अधिकाऱ्याचे काम नाही. फेरफार आणि सात-बारा महसुलासाठी, ग्रामपंचायतीचा नमुना आठ घरपट्टीसाठी. त्यावर नाव आहे एवढ्याने मालकी सिद्ध होत नाही. मुद्रांक शुल्क सरकार पुरेपूर वसूल करते, जोखीम मात्र आपल्या डोक्यावर ठेवते. शेतीमालाच्या बाबतीत जो अनुभव, तोच इथे.

तेव्हा कागद पाहण्याचे काम आपल्यालाच करून घ्यावे लागते. चांगला दिवाणी वकील मागच्या तीस वर्षांचा शोध घेतो आणि शोध अहवाल सहीनिशी हातात देतो. सोसायटीचा, बँकेचा बोजा आहे का, ते पाहतो. जमीन भोगवटादार वर्ग दोनची आहे का, आदिवासीची आहे का, ते पाहतो. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय घेता येत नाही. प्लॉट खरोखर अकृषक आहे की शेताचा तुकडाच दोरी लावून विकायला काढला आहे, हे तपासतो; तुकडेबंदीचा कायदा १९४७ पासून आहे. बहिणींचा हिस्सा पाहतो. २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क आहे. भावाने एकट्याने विकलेले घर घेणारा पुढे कोर्टात उभा राहतो, आणि त्यात बहिणीची काहीच चूक नसते. नुसत्या कुलमुखत्यारपत्रावर आणि नोटरीच्या कागदावर घर आपले होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच स्पष्ट केले आहे.

घेणाऱ्याचे पैसे बुडतात, पण विकणाऱ्याचे तर घरच जाते. आपल्या कोरडवाहू मुलखात निम्मे दुखणे इथेच आहे. अडीअडचणीला सावकार पैसे देतो आणि तारण म्हणून खरेदीखत लिहून घेतो. "पैसे आणून द्या, घर परत लिहून देतो," असे तोंडी सांगतो. फार तर वेगळ्या कागदावर चार ओळी लिहून देतो. कायदा काय म्हणतो? परत देण्याची अट त्याच खरेदीखतात लिहिलेली नसेल, तर तो व्यवहार गहाण धरला जात नाही, विक्रीच धरली जाते. १९२९ पासून ही तरतूद आहे. सावकाराच्या वकिलाला ती तोंडपाठ असते. आपल्या बाजूने बसलेला एक वकील त्या दिवशी असता तर त्याने एवढेच विचारले असते, "ती अट या कागदात कुठे आहे?"

ज्यांचे असे झाले आहे त्यांनीही हातपाय गाळू नयेत. महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्याच्या कलम १८ प्रमाणे, सावकारीपोटी गेलेली मिळकत परत मिळावी म्हणून पंधरा वर्षांच्या आत सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करता येतो.

आता वकील निवडायचा कसा? मोठी पाटी आणि काळा कोट पाहून नव्हे. दोन-तीन वकिलांकडे जाऊन बसावे आणि तोंडावर विचारावे. तुम्ही समोरच्याचे किंवा दलालाचे काम करता का? जमीन-घराचे दस्त नेहमी करता, की फौजदारीच जास्त? शोध अहवाल लेखी द्याल का? फी किती, शोधाचा खर्च किती, आणि पावती मिळेल का? सहीच्या आधी सगळा दस्त मराठीत वाचून दाखवाल का? या प्रश्नांवर जो चिडतो त्याला तिथूनच रामराम करावा. वकिलाची सनद महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलची असते. ती आहे का, हे विचारण्यात लाज कसली? टेबल टाकून बसलेला दस्तलेखक अक्षर चांगले काढील, पण सनद नसेल तर तो वकील नव्हे.

वकिलाकडे जायचे ते इसार देण्याआधी किंवा घेण्याआधी. इसार झाल्यावर गेलो तर तो बिचारा खुंट्याला बांधलेल्या जनावरालाच दावे लावणार. कोऱ्या मुद्रांकावर सही कोणालाही देऊ नये, आपल्या वकिलालाही नाही. मूळ कागदांच्या नकला द्याव्यात आणि मूळ कागद दाखवून परत आणावेत. फीसाठी वकिलाला पक्षकाराचे कागद अडवून ठेवता येत नाहीत, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००० सालचा निकाल आहे. आणि जाताना घरधनिणीला बरोबर न्यावे. लक्ष्मीमुक्ती करणाऱ्या चळवळीची माणसे आपण. जे घर तिने राखायचे त्याचा कागद तिने ऐकलेला असावा.

फी परवडत नाही, असे कोणी म्हणेल. १९८७ च्या कायद्याने स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींना मोफत विधी साहाय्य आहे. स्त्रीला तर उत्पन्नाचीही अट नाही. जिल्हा न्यायालयात त्याची कचेरी आहे. ती भीक नव्हे, हक्क आहे.

आमची सूचना अशी. दर तालुक्यातल्या कार्यकर्त्यांनी, आपल्या माणसांचे काम ज्या वकिलांनी चोख केले त्यांची नावे आणि घेतलेली फी वहीत लिहून पुढच्या जिल्हा बैठकीला आणावी. ज्यांनी फसवले त्यांचीही कहाणी सांगावी. कापूस पणनाला नेण्याआधी आपण शेजाऱ्याला भाव विचारतोच ना? मग घराच्या कागदाचेही विचारू. एकट्याने गेलेला लुबाडला जातो. विचारून गेलेल्याला लुबाडणे जड जाते.