न निघालेल्या चित्रपटांची यादी

अलेक्सांद्र आस्कोल्दोव यांच्या नावावर एकच कथापट आहे: ‘कमिसार’ (१९६७). वासिली ग्रोसमन यांच्या कथेवर आधारलेल्या या चित्रपटात, रशियन यादवी युद्धाच्या काळात, लाल सेनेतील एक गरोदर कमिसार बाळंतपणासाठी गरीब ज्यू कुटुंबाच्या घरी येऊन राहते. पुढे या समाजाच्या वाट्याला येणाऱ्या संहाराचे सूचनही त्यात आहे. ज्यूंविषयीची ही आत्मीयता सत्ताधाऱ्यांना खुपली. चित्रपटावर बंदी आली, दिग्दर्शकाला पक्षातून काढले गेले आणि कथापट करण्याची वाटही बंद झाली.

१९८७ साली मॉस्को महोत्सवात ‘कमिसार’ दाखवला गेला. १९८८ साली बर्लिनला त्याला रौप्य अस्वल मिळाले. येथे ‘अखेर न्याय झाला’ असे म्हणून आपण मोकळे होतो. आम्हाला हे समाधान मान्य नाही. रिळे सुटली, पण दिग्दर्शकाची उमेदीची वीस वर्षे परत आली नाहीत. २०१८ साली निधन होईपर्यंत त्यांचा दुसरा कथापट निघाला नाही.

उपलब्ध संहितेवरच भिस्त ठेवणाऱ्या आम्हा अभ्यासकांना जप्त झालेली कलाकृती दिसते. निर्माणच होऊ न दिलेली दिसत नाही. सेन्सॉरशिपचा धडा शिकवताना त्या कोऱ्या यादीपाशीही थांबायला हवे.