विश्लेषण : ‘आता बसून खा’ हा सल्ला ज्येष्ठांना महागात पडतो का?

मुले नोकरीसाठी मुंबई-पनवेलला आणि आईवडील कुंडलिकेकाठच्या घरात, हे चित्र रोह्याला नवे नाही. सोबत, औषधे आणि पैसे मिळाले की वडीलधाऱ्यांची काळजी मिटली, असे मानले जाते. रोजच्या हालचालीकडे मात्र दुर्लक्ष होते आणि उतारवयातला तोल बराचसा तिच्यावरच अवलंबून असतो.

तोल का जातो?

डोळे, अंतर्कर्ण, तळपायांची संवेदना आणि स्नायू मिळून शरीराचा तोल सांभाळतात. वयानुसार हे सारे मंदावते. मोतीबिंदू, मधुमेह, झोपेच्या गोळ्या त्यात भर घालतात. जागतिक आरोग्य संघटनेनुसार पडल्यामुळे जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार जण दगावतात.

घरात कोण आहे, याने काय फरक पडतो?

२०११च्या जनगणनेनुसार राज्यात साठीपुढचे ९.९ टक्के होते, देशात ८.६ टक्के. ‘लासी’ या २०१७-१८च्या राष्ट्रीय पाहणीत सुमारे सहा टक्के ज्येष्ठ एकटे राहत असल्याचे दिसले. एकटा माणूस पडला तर मदत उशिरा पोहोचते. भरल्या घरातला धोका वेगळा. पाणी, बाजार, अंगण सारे मुलगा-सून उरकतात आणि ‘आता बसून खा’ म्हणतात. त्यामागे माया असते. पण न वापरलेल्या मांड्या-पोटऱ्या झिजतात. मुंबईच्या फ्लॅटमध्ये नेले, तर अंगण आणि परसही सुटते.

चालणे पुरेसे आहे का?

नाही. आरोग्य संघटनेच्या २०२०च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ६५ वर्षांपुढच्यांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी. शिवाय किमान तीन दिवस तोल आणि ताकदीचे व्यायाम करावेत. ओटा धरून एका पायावर उभे राहणे, हात न टेकता खुर्चीतून उठणे, हे त्यातलेच. पावसाळ्यात शेवाळलेल्या वाटांमुळे फिरणे थांबते, तेव्हा हे घरातच जमते. चक्कर येत असेल किंवा आधी पडणे झाले असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे.

सरकारी मदत कोणती?

राज्याच्या २०२४च्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांपुढच्या, कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांना काठी, चष्मा, श्रवणयंत्र अशा साधनांसाठी ३,००० रुपये मिळतात. काठीने आधार मिळतो, पायांत बळ मात्र व्यायामानेच येते. न्हाणीघरात धरायला दांडा आणि रात्री वाटेवर दिवा ही सोय घरच्यांनीच करायची आहे. आणि आजीला झेपत असेल, तोवर अंगणाचा झाडू तिच्याच हाती राहू द्यावा.