जोखीम कोणाची? विमा कोणाचा?



रेल्वेची कामे कंत्राटदाराच्या घशात घालताना प्रशासन एकच पालुपद ऐकवते : "कंत्राटदार जोखीम पत्करतो, म्हणून नफा त्याचा." ही जोखीम खरोखर कोण पत्करतो, ते आपण करारनाम्याच्या कागदावरच तपासू या.

लोखंड, सिमेंट, डिझेल महागले तर? मोठ्या कामांच्या करारात भाववाढीचे कलम असते. त्यात मजुरीचाही हिस्सा असतो. औद्योगिक कामगारांच्या ज्या ग्राहक किंमत निर्देशांकावर तुमचा-आमचा महागाई भत्ता ठरतो, त्याच निर्देशांकावर कंत्राटदाराचे बिल वाढते. मजुराच्या नावाने उचललेली ही वाढ मजुराच्या हातात पडली का, हे बिल पास करताना कोणी विचारतो का?

बांधकाम कोसळले, यंत्र मोडले तर? त्यासाठी 'कॉन्ट्रॅक्टर्स ऑल रिस्क' पॉलिसी असते. नावात 'ऑल' असले तरी कंत्राटदाराच्या स्वत:च्या मजुराला झालेली इजा तिच्यात सहसा बसत नाही. तिच्यासाठी कामगार भरपाईची वेगळी पॉलिसी काढावी लागते. म्हणजे क्रेन विम्यात, गर्डर विम्यात, आणि गर्डरखाली सापडलेला माणूस मात्र कंत्राटदाराच्या मर्जीवर!

खरी मखलाशी या दुसऱ्या पॉलिसीत आहे. तिचा हप्ता कंत्राटदाराने दाखवलेल्या मजुरीवर ठरतो. म्हणून कामावर चाळीस माणसे, तर मस्टरवर पंधरा. मृत्यू झाल्यास भरपाई म्हणजे मासिक मजुरीच्या निम्मी रक्कम गुणिले वयाचा गुणांक. चाळिशीच्या मजुराचा गुणांक १८४.१७ आहे. महिना १५,००० रुपये धरले तर वारसाला १३,८१,२७५ रुपये मिळतात. मस्टरवर निम्मी मजुरी दाखवली की भरपाईही निम्मी. हप्त्यात कंत्राटदाराने वाचवलेले चार पैसे विधवेच्या पदरातून जातात. याला ते 'जोखीम व्यवस्थापन' म्हणतात; आम्ही याला लूट म्हणतो.

१ ऑगस्ट २०२३ रोजी शहापूर तालुक्यात समृद्धी महामार्गाच्या कामावर गर्डर बसवण्याचे यंत्र कोसळून २० जण ठार झाले. त्याच महिन्यात, २३ तारखेला, मिझोरममध्ये सायरंगजवळ रेल्वे पुलाच्या कामावर २० हून अधिक मजूर दगावले. त्यांतले बहुतेक पश्चिम बंगालच्या मालदा जिल्ह्यातले होते. सप्टेंबर २०२५ मध्ये त्या मार्गाचे थाटात उद्घाटन झाले. जोखीम कोणी पत्करली, हे मालद्याच्या खेड्यांना विचारा!

"तो मजूर आमचा नाही" म्हणून हात झटकायला कायद्यात जागा नाही. काम देणाऱ्या मूळ मालकाने आधी भरपाई द्यावी आणि मग ती कंत्राटदाराकडून वसूल करावी, हे तत्त्व १९२३ च्या कायद्यापासूनचे आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ते कायम आहे. मात्र कंत्राटी कामगारांविषयीच्या तरतुदी आता २० ऐवजी ५० मजुरांपासून लागू होतात. छोटे पोटकंत्राटदार या चाळणीतून अलगद निसटणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

काही बांधव विचारतील, "आपण कायम नोकरीतले, आपल्याला काय त्याचे?" बंधूंनो, कंत्राट स्वस्त पडते त्याचे एक कारण मजुराच्या जिवाचा हिशेब त्यात धरलेलाच नसतो. त्या स्वस्ताईचा दाखला देऊनच उद्या तुमची जागा रद्द होईल. टपाल खात्यातील बांधवांनीही हे ओळखावे. वर्षाला २० रुपयांत २ लाखांचा सरकारी अपघात विमा मजुरांना जरूर काढून द्या. पण तो त्यांच्या खात्यातल्या पैशाने निघतो. कंत्राटदाराची जबाबदारी त्याने फिटत नाही.

म्हणून आमची मागणी आहे :

१) कामगार भरपाईची पॉलिसी आणि मजुरांची नावनिशीवार यादी दाखवल्याशिवाय काम सुरू करू देऊ नये.

२) पॉलिसीतील माणसे व मजुरी हजेरीपटाशी ताडून पाहिल्याशिवाय बिल पास करू नये.

३) पोटकंत्राटदाराचे मजूरही त्याच पॉलिसीत घ्यावेत.

४) पॉलिसीची प्रत मजुरांना समजेल अशा भाषेत कामाच्या जागी लावावी.

प्रत्येक शाखेने आपल्या हद्दीतील कामांवर जाऊन ही पॉलिसी मागावी. ती दाखवायला जो टाळाटाळ करील, त्याची लेखी तक्रार त्याच दिवशी करावी.

कायम आणि कंत्राटी, कामगार सारे एक!