श्रवणभक्ती आणि कानाचा पडदा

श्रीगणेशाच्या आगमनाची चाहूल लागली की पैठणहून शेवगावास जाण्याची आमची तयारी सुरू होते. उत्सवातील एका दिवसाचे कीर्तन गेली तीसहून अधिक वर्षे आमच्याकडे आहे. भागवताच्या सातव्या स्कंधात प्रल्हादाने भक्तीचे नऊ प्रकार सांगितले, त्यांत पहिले स्थान श्रवणास दिले आहे. कीर्तन दुसरे. म्हणजे कीर्तनकारापेक्षा श्रोत्याचा मान एका पायरीने मोठा! हे आम्ही दरवर्षी सांगतो आणि श्रोते संतोषाने माना डोलावतात. यंदा मात्र ही पहिली भक्ती ज्या इंद्रियाने घडते, त्या कानाविषयीच चार शब्द लिहावेत असे मनाने घेतले. कारण घरचेच आहे.

१९७० च्या सुमारास आम्ही पाठशाळेत असताना, रूपावली म्हणताना झालेल्या चुकीबद्दल गुरुजींनी आमच्या उजव्या कानावर एक सणसणीत चपराक दिली. कानात ठिणगी पडल्यासारखे झाले, रक्ताचा थेंब आला आणि पुढे कित्येक दिवस तो कान गच्च भरल्यासारखा राहिला. पडदा फाटला होता. आईने त्या कानात पाण्याचा थेंब जाऊ दिला नाही, एवढाच काय तो उपचार. दीड-दोन महिन्यांत सारे पूर्ववत झाले.

दुसरा आघात २०१७ च्या अनंत चतुर्दशीचा. मिरवणुकीत आम्ही भजनी मंडळींसह चालत होतो आणि आमच्या पुढे ध्वनिवर्धकांची भिंतच्या भिंत गाडीवर चढवलेली होती. तीन तास आम्ही तिच्या मागे चाललो. रात्री दोन्ही कानांत रातकिडे किरकिरावेत तसा नाद सुरू झाला. सुश्रुताने अठ्ठावीस कर्णरोग सांगितले आहेत, त्यांतला हा कर्णनाद. सकाळपर्यंत तो ओसरला आणि आम्हीही विसरलो. पुढे दोन वर्षांनी एका विद्यार्थ्याचा पाठ घेत असता ध्यानात आले, की तो ‘सकल’ म्हणतो की ‘शकल’, हे आम्हांस त्याच्या ओठांकडे पाहिल्यावाचून कळत नाही. एकाचा अर्थ संपूर्ण, दुसऱ्याचा तुकडा. ज्याने आयुष्यभर उच्चार शिकवले, त्याच्या कानातून श, ष, स निसटू लागले होते!

अहिल्यानगरच्या एका कर्णतज्ज्ञांनी तपासले. म्हणाले, “महाराज, पडदा अगदी निरोगी आहे. बिघाड आतला आहे, आणि तो भरून येणारा नाही.” वयाचा वाटा त्यात आहेच. पण तपासणीच्या आलेखात सेकंदास चार हजार कंपनांच्या आसपास जी खाच दिसली, ती मोठ्या आवाजाने झालेल्या इजेची खूण समजली जाते.

आता हा पडदा म्हणजे काय, ते पाहू. करंगळीच्या नखाएवढा, सुमारे नऊ मिलिमीटर व्यासाचा आणि मिलिमीटरचा दहावा भाग इतकाच जाड. बाहेरून त्वचा, आतून ओलसर अस्तर आणि मध्ये तंतूंची विणकर. मध्यभागी तो आत ओढलेला असतो. ऐकू येण्याच्या सीमेवरचा सूक्ष्मतम ध्वनीही त्याला हलवतो आणि ते हलणे अणूच्या व्यासाहूनही कमी असते.

इतकी नाजूक योजना कशासाठी? गोदावरीत बुडी मारणाऱ्यास याचे उत्तर ठाऊक आहे. डोके पाण्याखाली गेले की घाटावरची घंटा बुडते, कारण हवेतला ध्वनी पाण्याच्या पृष्ठभागावरून जवळजवळ सगळाच परत फिरतो. आपल्या कानाच्या गाभ्यातही पाणीच आहे. गोगलगायीच्या शंखासारखी अडीच वेढ्यांची एक नळी द्रवाने भरलेली असते. हवेतला शब्द त्या द्रवात उतरवायचा, तर बळ वाढवावे लागते. पडद्यामागे हातोडी, ऐरण आणि रिकीब अशी तीन चिमुकली हाडे एकात एक गुंतलेली आहेत. रिकिबीचा तळ पडद्याच्या सतराव्या हिश्श्याएवढा. रुंद पडद्यावरचे बळ त्या चिमुकल्या तळावर एकवटते, हाडांची तरफ त्यात भर घालते आणि दाब सुमारे वीस पटींनी वाढून द्रवात लाट उठते.

आमचे मृदंगाचार्य हे चटकन समजले. पखवाजाच्या धुमेवर कणीक जास्त झाली की बोल बसका पडतो. सर्दीत कान दडे बसतात तेव्हा हेच होते. घशातून कानाकडे जाणारी नळी तुंबते, पडद्यामागची हवा कमी होते, कधी तेथे द्रव साचतो आणि पडदा थरथरायचा थांबतो. मात्र पखवाजाची पुडी बदलता येते, वादी आवळता येते. पडद्यापलीकडे, शंखाच्या आत, ज्या केशयुक्त पेशी लाटेचे संवेदनेत रूपांतर करतात, त्या एका कानात पंधरा-सोळा हजारच असतात आणि मनुष्यात मेलेली पेशी पुन्हा उगवत नाही.

लोक म्हणतात, “आवाजाने पडदा फाटेल.” पडदा फाटतो तो कानाशी स्फोट झाला तर, चपराकीने किंवा कानात काडी-आकडा घातल्याने. ध्वनिवर्धकाची भिंत बहुधा पडद्यास धक्काही लावत नाही, ती थेट आतल्या पेशी मारते. दुखत नाही, रक्त येत नाही, म्हणून कोणी भीत नाही. मोठा आवाज होताच रिकिबीस आवरून धरणारा एक बारीक स्नायू आहे खरा, पण फटाका त्याच्या आधी पोहोचतो. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास सोसावा, १०० डेसिबलचा पंधरा मिनिटेच, असे तज्ज्ञ सांगतात. आम्ही तीन तास चाललो होतो.

न्यायवैशेषिकांनी श्रोत्र म्हणजे कर्णशष्कुलीने मर्यादित झालेले आकाश असे मानले आणि शब्द पाण्यावरच्या लाटेसारखा किंवा कदंबाच्या फुलासारखा चहूकडे पसरतो असे सांगितले. पडद्याचा विचार त्यांनी केला नाही. तो केला होता असे ओढूनताणून सांगणाऱ्यांतले आम्ही नव्हे. पण ऐकण्याचे मोल त्यांना आणि आपल्या संतांना पुरते कळले होते. शेवगावच्या एका अंगास नेवासे, दुसऱ्या अंगास पैठण. नेवाशास शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वर महाराज बोलत गेले आणि सच्चिदानंदबाबा ऐकून लिहीत गेले. पुढे पैठणास शके १५०६ मध्ये नाथमहाराजांनी तीच पोथी शुद्ध केली. ज्ञानेश्वरी आपल्या घरी आली ती एका सावध कानातून, हे या परिसराने तरी विसरू नये.

कायदा पुरेसा आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपकास बंदी आहे. वर्षातून पंधरा दिवसांपर्यंत सणासाठी मध्यरात्रीपर्यंत सवलत देता येते, ती वेळेची, वाटेल तितक्या आवाजाची नव्हे. परंतु केवळ तरुणांना दोष देऊन आम्हांस मोकळे होता येणार नाही. हरिनाम सप्ताहात पहाटे काकड्याला देवळाच्या शिखराशी चार कर्णे बांधतो कोण? “आवाज थोडा वाढवा” असे यंत्रवाल्यास व्यासपीठावरून खुणावतो कोण? आम्हीच. शंभर माणसांच्या मंडपात ज्याचा आवाज यंत्रावाचून पोहोचत नाही, त्याने गळ्याची साधना करावी, असे आमचे गुरू म्हणत. ते आम्ही फार लवकर विसरलो.

म्हणून यंदा शेवगावच्या यजमानांना आम्ही आधीच कळवले आहे. कर्णा मंडपाबाहेर नको. मृदंग व टाळ यंत्रावाचून वाजतील. लहान मुले ध्वनिवर्धकापाशी बसवू नयेत. मंडळाच्या तरुण कार्यवाहांनी सारे आनंदाने मान्य केले. “आणि शेजारच्या मंडळाचे काय, महाराज?” एवढेच त्यांनी विचारले. त्या मंडळाकडे चतुर्थीच्या आधी आम्ही स्वतः नारळ घेऊन जाणार आहोत.