जॅक रसेल हवाय? आधी टाइमटेबल दाखवा!

ती रील तुम्हीही पाहिली असेलच. पांढरा-तपकिरी, आपल्या गुडघ्यालाही न पोचणारा कुत्रा धावत येतो आणि थेट मालकाच्या हातात उडी मारतो. खाली कमेंट्सचा पाऊस. ‘मलापण असाच हवा’, ‘कितीला मिळेल?’ मग ग्रुपवर गणित मांडलं जातं. लॅब्राडॉर मोठा, त्याला जागा लागते. हा पाच-सात किलोचा, वन-बीएचकेत सहज मावेल.

मावेल हो. पण त्याला दमवणार कोण?

जॅक रसेल टेरियर ही जात शोभेसाठी तयार झालेलीच नाही. इंग्लंडमधल्या डेव्हनचा पाद्री जॉन रसेल, त्याला शिकारीचा भयंकर नाद. १८१९ मध्ये ऑक्सफर्डला शिकत असताना त्याने एका दूधवाल्याकडून ‘ट्रम्प’ (हो, हेच नाव!) नावाची कुत्री विकत घेतली आणि पुढे तिच्यापासून टेरियर वाढवले. त्यांचं काम काय? कोल्हा बिळात शिरला की मागोमाग घुसायचं आणि भुंकून भुंकून त्याला बाहेर काढायचं. म्हणून अंग सडपातळ, छाती लहान. रंग पांढरा, कारण शिकारीच्या धांदलीत कोल्हा कोणता आणि कुत्रा कोणता ही गफलत नको. आणि जमिनीखाली मालकाचा आवाज पोचतोय कुठे? तिथे डोकं स्वतःचंच चालवायचं.

आता हे सगळं फ्लॅटमध्ये आणा. बीळ नाही, म्हणून सोफा उकरला जातो. कोल्हा नाही, म्हणून मांजर, खार, डिलिव्हरीवाल्याची बाइक. भुंकणं तर नोकरीचाच भाग. ते कुकरच्या शिट्टीवर आणि लिफ्टच्या दारावर सुरू होतं. आपण म्हणतो, ‘फार हायपर आहे यार!’ अहो, तो बेकार बसलाय. त्याला काम द्या. रोज तासभर तरी दणकून फिरवा, तेही पट्टा लावूनच, कारण खार दिसली की याचे कान बंद होतात. डोक्यालाही खुराक हवा. जुन्या टॉवेलच्या गुंडाळीत खाऊ लपवा, रद्दीचे बोळे भरलेल्या खोक्यात शोधायला लावा. हे सबमिशनच्या आठवड्यातही, व्हायवाच्या सकाळीही. जमेल?

नाही जमत, म्हणूनच गोंडस पिल्लू वर्षाचं झालं की ‘चांगलं घर हवंय’चे मेसेज फिरायला लागतात. ‘द आर्टिस्ट’ हा २०११ चा सिनेमा, ऑस्करमध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरलेला. त्यात भाव खाऊन गेलेला अगी नावाचा जॅक रसेल आठवतो? फार दांडगा म्हणून तो आधीच्या घरांना नकोसा झाला होता. एका ट्रेनरने त्याला घरी नेलं. अंगातली मस्ती तीच राहिली, फक्त तिला काम मिळालं.

म्हणून माझं स्पष्ट मत : टेरियर हवाच असेल तर पिल्लू विकत घेऊ नका, मोठा झालेला दत्तक घ्या. त्याचा स्वभाव एव्हाना उघड झालेला असतो. तो का सोडला, हे बिनधास्त विचारा. मांजर चालते का, लहान मुलं चालतात का, एकटा किती वेळ राहतो? दोन-तीनदा भेटा, फिरवून आणा, लसीकरणाचं कार्ड बघा. घरी आणल्यावर पहिले काही दिवस तो कोपऱ्यात बसला तर ‘किती शांत आहे!’ म्हणून फसू नका. खरा रंग नंतर दिसतो.

पीजीत किंवा तिघांत भाड्याने राहत असाल, तर मात्र थांबा. घरमालकाचं नंतर बघू. कोर्स संपला की तो कोणाचा, रूम पार्टनरचा की गावाकडच्या आईचा? हे कुत्रे तेरा-चौदा वर्षं सहज जगतात. आज विशीत असाल तर तिशी ओलांडेपर्यंतचा हिशेब आहे हा. आणि प्राण्याला उपाशीतापाशी वाऱ्यावर सोडणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे.

तोवर जवळच्या शेल्टरमध्ये रविवारी कुत्रे फिरवायला जाता येईल का, विचारून बघा. टेरियर हातात दिला तर पट्टा घट्ट धरा. पाच किलोचा असला तरी ओढतो भारी.